चंद्रीचा पान्हा आणि एकनाथचा ॲम्प्लिफायर

घोटावड्यात रत्नाबाईंच्या गोठ्याला लागून असलेली खोली एकनाथने भाड्याने घेतली, तेव्हा "काम काय करता?" या प्रश्नाला त्याने खरं ते सांगितलं, "ड्रायव्हर लिहितो." परभणीहून आलेला हा सरळ पोरगा गाडीतल्या ॲम्प्लिफायरला चालवणारं सॉफ्टवेअर लिहायचा. रत्नाबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी त्याला दुधाचा टेम्पो डेअरीवर न्यायला सांगितलं. त्याला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही हे कळल्यावर त्यांना त्याच्या कंपनीची काळजी वाटली.

२००८च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे नवं काम आलं. ॲम्प्लिफायरने आपली तपासणी आपणच करायची. स्पीकरची तार तुटलीय का, दोन तारा चिकटल्यात का, हे बारीकसा आवाज सोडून बघायचं. छोट्या स्पीकरसाठी त्या आवाजाची पट्टी इतकी वरची होती, की माणसाला तो ऐकूच येत नसे. एकनाथने हौसेने ही तपासणी अखंड चालू राहील अशी लावली आणि ॲम्प्लिफायरचा बोर्ड स्पीकरसकट घरी आणून गोठ्याकडच्या भिंतीशी मांडला.

त्याच आठवड्यात गोठ्यातली चंद्री म्हैस पान्हा चोरायला लागली, दूध सोडेचना. रत्नाबाईंनी खुराकात सरकी वाढवली, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने एकनाथच तेवढा शिंकून बेजार झाला.

मग एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं म्हणून तो गोठ्यात येऊन बसला. चंद्री अंधारात झरझर दूध देत होती.

"आज लई गुणाची झालीया," रत्नाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात लाईट आली. चंद्रीने कान टवकारले, भिंतीकडे पाहिलं आणि बादलीला लाथ घातली.

एकनाथनेही भिंतीकडे पाहिलं. त्याने खोलीत जाऊन बोर्ड बंद केला. चंद्री शांत. चालू केला. पुन्हा लाथ.

"मावशी, माझ्या यंत्राचा आवाज तिला ऐकू येतोय."

"मला तर काय येत न्हाई."

"मलाही नाही येत."

"मग तुमी वाजवताय कुनासाठी?"

यंत्र सुरू होताना एकदाच तपासणी होईल, असा बदल एकनाथने त्याच रात्री केला. ऑफिसात त्याच्या वरिष्ठ जान्हवी मॅडमनी कारण विचारलं.

"तक्रार आली होती."

"कुठल्या ग्राहकाची?"

"घोटावड्याच्या."

मॅडमनी मान डोलावली आणि बदल मंजूर झाला.

इकडे रत्नाबाईंनी गावभर सांगितलं, की आपला भाडेकरू म्हशींचा इंजिनिअर हाय. रविवारी कासार आंबोलीचे हैबतराव आटलेली म्हैस टेम्पोत घालून दारात हजर. एकनाथने तिच्या आसपास कुठे वायर आहे का ते मनापासून शोधलं. शेवटी म्हणाला, "काका, हिला जनावरांच्या डॉक्टरला दाखवा."

हैबतराव म्हैस घेऊन परत गेले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत राहिले, "कंपनीतली मानसं लई भाव खात्यात."