उलटी पट्टी

मास्तर सगळ्यांना अरे-तुरे करायचे. डॉक्टर असो की वकील, रिमोटचं विमान शिकायला मैदानावर आला की तो 'गाढव नंबर अमुक'. तंत्रशाळेत तीस वर्षं लेथ शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाची जीभ कानशीसारखी होती. पण शिकावं तर त्यांच्याकडेच, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

"पहिलं विमान थर्माकोलचं घे. पडणारच आहे, जीव लावू नकोस. वारा तोंडावर घेऊन उडव. विमान तुझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथे भलेभले गारद होतात. आणि उडवण्याआधी पंखांच्या पट्ट्या हलवून बघायच्या. दर वेळी!"

गाढव नंबर चौदा, चष्म्यांचं दुकान चालवणारा पन्नाशीचा चष्मेवाला, मान डोलवत ऐकायचा. चार महिने थर्माकोलवर हात बसवून एका रविवारी तो स्वतः बांधलेलं लाकडी विमान घेऊन आला. इतकं देखणं, की सगळे मास्तरांना सोडून त्याच्याभोवती जमले. मास्तरांच्या ते डोळ्यांत खुपलं.

चष्मेवाल्याने घाईघाईत रिमोटची काठी हलवली. "सगळं हलतंय, मास्तर!"

हलत होतं, पण उलटं. काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची पट्टी वर जायला हवी. ती खाली जात होती. मास्तरांना दहा पावलांवरून दिसलं. तोंड उघडलं, मिटलं. आपटू दे एकदा, म्हणजे पाय जमिनीवर येतील.

"उडव," ते म्हणाले.

विमान उठलं आणि डावीकडे कललं. चष्मेवाल्याने घाबरून काठी उजवीकडे दाबली. ते आणखीच डावीकडे गेलं, उताणं झालं आणि कुंपणापाशी आदळलं. लोक हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने. चष्मेवाला रिमोट टाकून धावला. मोटर बंद करायचं त्याला सुचलंच नाही. त्याने सांगाडा उचलला, मातीत रुतलेला प्रोपेलर मोकळा झाला आणि गरकन फिरला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तीन आठवड्यांनी मास्तर त्याच्या दुकानात गेले. चष्म्याचा बारीक स्क्रू त्याची बायको पिळत होती, सारखा निसटत होता. चष्मेवाला शेजारी बसून डाव्या हाताने दाखवत होता.

"चूक माझीच, मास्तर. तुम्ही शंभरदा सांगितलं होतंत."

बायकोने मान वर केली. "तुम्ही तिथेच उभे होतात ना? तुम्हाला नाही दिसलं?"

"माझं लक्ष वाऱ्याकडे होतं."

"अगं, त्यांना काय विचारतेस!" चष्मेवाला तिच्यावरच खेकसला.

मास्तर बाहेर पडले. रस्ता ओलांडेपर्यंत हायसं वाटू लागलं.

रविवारी नवा माणूस आला. "पट्ट्या तपासायच्या, दर वेळी," मास्तर म्हणाले. "एक चौदा नंबर होता. ऐकलं नाही गाढवाने. आता बायकोकडून स्क्रू पिळून घेतो."

नवा माणूस हसला. मास्तरांनी ते वाक्य पुढच्यालाही सांगितलं.