मोहाचा चारा आणि बाबांचं नाक

परवा सूनबाईने फ्रिजमधला एक डबा बाहेर काढून उघडला आणि नाक धरून मागे सरली. मग हळूच माझ्या कानाशी येऊन विचारते, "आई, पप्पा... घेतात का हो?"

मला हसता हसता ठसकाच लागला. कारण नेमका हाच प्रश्न ऐंशीच्या दशकात माझ्या बाबांना पडला होता... आणि त्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं होतं.

माझं माहेर आंजीचं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गावात दारूबंदीचं काम करायचे. जिल्ह्यात बंदी असली तरी मोहाची कुठे ना कुठे निघायचीच, आणि बाबांना ती दोन वावरं पलीकडून कळायची. "मी वासावरून माणूस वयखतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्याचे दिवस होते. वडनेरहून मला पाहायला एक स्थळ आलं... मुलगा हिंगणघाटला क्लार्क, सोबत त्याचे मामा. आधीच्या दोन स्थळांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं, त्यामुळे या प्रकाराला मी पुरती विटले होते.

हा मुलगा मात्र सतरंजीच्या पार कडेला, कापडी पिशवी मांडीशी धरून बसलेला. पोहे झाले, मामांनी "विचार नं बाबू काही" म्हणून कोपर मारलं. तर हा मला विचारतो, "तुमच्या डोहात रोहू हाय का जी?"

मी हसले. पाहुण्यांसमोर, चांगले दात दिसतील अशी हसले... आणि मला तो तिथेच आवडला.

निघताना तो बाबांच्या पाया पडायला वाकला आणि बाबांच्या नाकपुड्या फुलल्या. मोहाचा वास! बाबा ताडकन उभे राहिले. "मामाजी, पोराले घेऊन निंगा. माह्या घरात पेणारा जावई नाई चालत."

मुलगा पांढराफटक. "मास्तरजी, मी नाई पेत... मासोया पेतेत!"

पिशवीतून तुपाचा जुना डबा निघाला. आत आंबवलेली मोहफुलं, सरकीची ढेप आणि कणीक मळून केलेला गोळा... मासे धरायला गळाला लावायचा चारा! बसच्या धक्क्यांनी झाकण उघडून रस त्याच्या बाहीवर सांडला होता. आंजीला धाम नदी आहे म्हणूनच हा मुलगी पाहायला तयार झाला, हेही मामांनी रागारागात सांगून टाकलं.

बाबांना काही पटेना. "अशे बहाणे लय आयकले मी." शेवटी आईच म्हणाली, "शायेत पोट्ट्यायले प्रयोग करून दाखोता नं? मंग हाबी करून पाहा." विज्ञानाच्या मास्तरांची पंचाईत झाली. एक मासा धरून दाखवायचा, नाहीतर संध्याकाळची बस... असं ठरलं. आईने मुद्दाम माझ्या हातात पाण्याची चरवी दिली, म्हणाली कुणाला तहान लागली तर?

डोहावर त्याने आधी थोडा चारा कुस्करून पाण्यात भिरकावला, मासे जमावेत म्हणून. मग काठीला दोरी बांधून गळ टाकला. वर तरंगायला ज्वारीच्या वाळक्या धांड्याचा तुकडा बांधलेला... त्याच्याकडे बघत मी बाभळीखाली उभी राहून मनातल्या मनात रोहूच्या हातापाया पडत होते.

मासा काही येईना. मामा आपल्या कपाशीबद्दल मोठमोठ्याने बोलत होते, आणि तिकडे बसचा हॉर्न वाजला. तेवढ्यात धांड्याने बुडी मारली, आणि बाबाच ओरडले, "मामाजी, गुपचूप बसा नं जी!"

मुलाने घाबरून हिसका दिला... चारा गेला, मासाही गेला. "काऊन इतक्या जोरानं वढलं बे?" असं म्हणत बाबांनी स्वतःच डब्यात हात घातला. गोळी वळली, गळाला लावली, हात सदऱ्याला पुसले आणि काठी घेऊन बसले. बस कधी गेली ते कुणाला कळलंही नाही.

दिवस मावळता मावळता रोहू लागला... पण तो धरला बाबांनी! म्हणजे खरं तर मुलगा परीक्षेत नापासच झाला होता.

रोहू माझ्या चरवीत. आम्ही घरी निघालो तर चौकात बाबांच्या बरोबरीने दारूबंदीचं काम करणारे गणपतकाका भेटले. जवळ आले, थबकले, बाबांच्या सदऱ्याचा वास घेतला आणि त्यांचा चेहराच पडला. "मास्तर... तुमीबी?"

बाबा गडबडले. "मी नाई पेत रे गणपत... मासोया पेतेत!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मुलगा की मी, ते आजवर ठरलेलं नाही. बाबा वळले आणि मामांना म्हणाले, "साक्षगंधाचं पाहा आता." म्हणजे साखरपुड्याचं!

पुढे बाबा 'लेकीला भेटायला' म्हणून वडनेरला यायचे, ते कापडी पिशवी घेऊनच. सासरे-जावई दिवसभर नदीवर, आणि लेक घरात वाट बघत! आज बाबा नाहीत. सूनबाईने सगळं ऐकलं आणि यांच्या चाऱ्याचा डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला... फक्त सगळ्यात खालच्या कप्प्यात.

त्या दिवसानंतर 'मी वासावरून माणूस वयखतो' हे वाक्य बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. गणपतकाका त्या संध्याकाळी चौकात भेटले, हे माझ्यावरचे केवढे उपकार!