काकूंचं अर्धं मतदान

शनिवारी आमच्या काकूंनी अमेरिकेचं मतदान केलं. इथेच, अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या किचनच्या टेबलावर. हसू नका, खरं आहे.

काकू म्हणजे मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या निखिल सरांची आई. सगळा संसार मिनेसोटात झाला, पासपोर्टही तिकडचाच. काका गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहायच्या. मग बर्फावर पाय घसरला, खुबा मोडला, आणि सर त्यांना इकडे घेऊन आले… थंडी संपली की सोडतो म्हणून. त्यानंतर तिकडची थंडी दोनदा येऊन गेली.

मतदानाचा कागद ईमेलवर येतो. सर प्रिंट काढून देतात, काकू पेनाने गोल काळे करतात, सही करतात, मग कुरियर. पण त्याच्यासाठी काकू इस्त्रीची साडी नेसतात, आणि मला लांब उभं करतात. मत गुप्त असतं म्हणे. अहो, माझी शाळा चौथीत सुटली, मला इंग्रजी कुठलं वाचता येतंय? तरी नाही. "तू तिकडे तोंड कर," म्हणतात.

तिकडे एकाच मतदानात सगळं असतं. वॉशिंग्टनला पाठवायची माणसं वेगळी, आणि त्यांच्या राज्याची वेगळी… गव्हर्नर, आमदार, खाली पार शाळेच्या कमिटीपर्यंत. आपल्याकडे खासदारापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळं एका दिवशी उरकलं तर कसं, तसं.

काकूंचा जीव यंदा शाळेच्या कमिटीत अडकला होता. शेजारची लिंडा उभी आहे ना. काका गेले त्या वर्षी काकूंच्या दारातला बर्फ रोज सकाळी न सांगता फावड्याने काढायची ती. तिला काकूंनी फोनवर शब्द दिला होता. महिनाभर लिंडा लिंडा करून माझं डोकं खाल्लं त्यांनी.

तर शनिवारी काकू बसल्या, चष्मा लावला, कागद बघितला. उलटा केला. मागे कोरा. मला म्हणाल्या, यात लिंडाचं नावच नाही, बाकीची पानं प्रिंटरमध्ये राहिली असतील, जा बघ. मी गेले, झाकण उघडून बघितलं, वरून दोन थापट्या मारल्या. काही नाही. खलास.

सर हॉलमध्ये ऑफिसच्या फोनवर होते. मी थेट जाऊन उभी राहिले, फोन ठेवायला लावला. ते आत आले आणि म्हणाले, एवढंच आहे आई. यंदा फक्त वॉशिंग्टनचं आलंय. काकूंनी "का?" विचारलं, तर म्हणे रूल बदलला असेल.

आता काकू काही कालच्या नाहीत. तिकडच्या शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेली बाई आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, रूल बदललेला नाही. जो परत येणार नाही असं सांगतो, त्यालाच राज्याची नावं पाठवत नाहीत. माझा अर्ज कोणी भरला?

अर्ज सरांनी भरला होता. सही काकूंचीच… पोटच्या मुलाने पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं.

सर टेबलावरचं पेन सरळ करत बसले. मला असली टाळाटाळ सहन होत नाही. मी विचारून टाकलं, "सर, काकूंचं तिकडचं घर विकलं काय?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की नोकरी गेलीच म्हटलं. मग खुर्ची ओढून बसले आणि आईला म्हणाले, अजून विकलं नाही, बोलणी चालली आहेत. डॉक्टरांनी एकटं राहायला साफ नाही म्हटलंय. "त्या अर्जावर विचारतात, परत राहायला येणार का. खाली शपथ असते, आई. मी खोटं कसं लिहू?"

माझ्या तोंडातून निघून गेलं. "सरकारला खरं सांगितलंत. आईला सांगायचं तेवढं राहिलं."

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नाही हो तो… आईचं रोजचं औषधपाणी स्वतःच्या हाताने करतो. हे एवढंच जमलं नाही त्याला.

मला वाटलं काकू कागद भिरकावतील. नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि होते तेवढे गोल सावकाश भरले. या वेळी मला तोंड फिरवायलाही सांगितलं नाही.

सही करून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पाठव. वॉशिंग्टनमध्ये तसंही मला कोण ओळखतं."

मग लिंडाला फोन लावला. बराच वेळ बोलत होत्या, हसत पण होत्या. मला इंग्रजी कळत नाही, पण शब्द मोडल्याचं सांगताना माणूस असं हसत नाही, एवढं कळतं. तिला सांगितलंच नसणार. ती तिकडे काकूंचं मत मोजत बसेल.

हे मी मुद्दाम लिहिलं. आमच्या इथे किती घरांत असे आईबाप आणलेत, थोडे दिवस, थोडे दिवस म्हणत. कोणाचं चुकतंय हे सांगण्याएवढी मी शहाणी नाही. पण परत जायचं नसेल तर समोर बसून सांगा त्यांना. रडतील, भांडतील, जेवणार नाहीत एक वेळ… त्यांचा हक्क आहे तो.

काल सकाळी काकूंनी कपाटातून त्यांचा बर्फातला जाड कोट काढून माझ्या हातात दिला. कोणाला तरी देऊन टाक म्हणाल्या. आता या अबुधाबीत तो कोट मी कोणाला देऊ, सांगा तुम्हीच.