छतावर दोन सायकली, टेंभुर्णी ते कुंभार पिंपळगाव

"माझी सायकल आणून देशील का?" सुजातानं फोनवर एवढंच विचारलं, आणि त्या घडीला माझं सगळं बदललं.

कॉलेज मधूनच सोडल्यापासून मी घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. कुणी काही बोललं की डोकं सटकायचं. सुजाता माझ्या वर्गातली, माझ्याच गावची. तिनं शिक्षण पुरं केलं आणि कुंभार पिंपळगावच्या एका शाळेत शिकवायला लागली. तिची सायकल टेंभुर्णीत राहिली. मीही.

"पुढचं चाक काढ, गाडीचं मागचं सीट पाड अन् आत टाक. बराबर बसते," तिनं सांगितलं.

बसते, हे खरं आहे. गाडी छोटी एसयूव्ही असली तरी एक सायकल आरामात आत मावते, वर एक रुपया खर्च नाही. पण मला एक न्यायचीच नव्हती. तिची आणि माझी, दोन न्यायच्या होत्या. गोदावरीकडं जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, ती पुढं, मी जरासा मागं. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

तुमच्याही डोक्यात असं काही असेल तर आधी गाडीच्या छतावरच्या दांड्या हलवून बघा. आमच्या गाडीच्या निव्वळ शोभेच्या निघाल्या. जालन्याच्या दुकानदारानं मागच्या दारावर लावायचा रॅक दाखवला. स्वस्त आणि चढवायला सोपा, पण नंबर प्लेट झाकतो आणि डिकी उघडता येत नाही. छतावरची बंद पेटी दिसायला झकास. तंबू, अंथरुणं, बॅगा छान राहतात, पण सायकल कशी मावणार? शेवटी दाराच्या चौकटीला पकडणारे दोन आडवे दांडे, त्यावर सायकलचे दोन ट्रे आणि आवळायला खटक्याचे दोन पट्टे घेतले. जुना मोबाइल विकला, त्यात भागलं. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते वाचूनच घ्या.

"चढवणं सोपंय भाऊ," दुकानदार म्हणाला, "वर काय आहे ते ध्यानात ठेवणं अवघड."

मी हसलो. तिची सायकल वर असताना मी दुसरं काय ध्यानात ठेवणार होतो?

सकाळी सायकल घ्यायला तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी ती पुसूनच ठेवली होती. मी पट्टा आवळताना ते शांतपणे म्हणाले, "नीट पोचव बरं. कॉलेजसारखं मधीच सोडू नको."

कानशिलं तापली. तोंडावर आलेलं उत्तर गिळलं आणि पट्टा आणखी दोन खटके आवळला.

जालन्यापर्यंत धुकं होतं. ऐंशीच्या वर गेलं की दांडे शीळ घालायचे, म्हणून साठवरच ठेवली. वर असं ओझं असलं की ॲव्हरेज पडतो म्हणतात. पडू दे. अंबडला चहा आणि गरम भजी झाली. अंकुशनगरजवळ साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर वास गाडीत शिरला आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. एका ट्रॉलीला घासून पुढं निघालो, तर वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तिच्या सायकलच्या चाकात अडकून बसलं. थांबून काढलं नाही. तीर्थपुरी गेलं तरी ते वर झेंड्यासारखं फडफडत होतं, आणि रस्त्यावरची सावलीसुद्धा मला दोन स्वारांची वाटत होती.

कुंभार पिंपळगावात बाजार भरला होता. सुजाताची खोली बाजाराच्या पलीकडं. दुकानांवर पालं ताणलेली, त्यांच्या दोऱ्या रस्त्यावरून आरपार. गाडी खालून सहज जात होती. सायकली नव्हत्या जात.

कट्‌ असा आवाज झाला आणि आरशात बघतो तर एका भाजीवाल्या मावशींचं अख्खं पाल टमाट्यांवर बसलेलं.

"आरं, उंटावर बसून आला का काय बाजारात?" मावशी पालाखालून ओरडल्या.

"रस्त्यावर दोऱ्या बांधता कशाला?" मी गाडीतून उतरून दुप्पट ओरडलो. "रस्ता काय तुमचाय?"

"मंग तुझ्या बापाचाय का?"

गर्दी जमली. मी बाह्या सारल्या, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "ओरडू नको. वर बघ आधी."

सुजाता. हातात भाजीची पिशवी. मी वर बघितलं. माझ्या सायकलच्या हँडलला तुटलेल्या दोऱ्यांची टोकं लोंबत होती. खाली बघितलं, तर मावशी एकेक टमाटा पदराला पुसत होत्या.

दोन्ही दोऱ्या तुटल्या होत्या. मी सायकली उतरवल्या, दोन्ही पट्टे सोडले आणि त्यांनीच पाल ताणून बांधलं. खटका दाबला की पाल ढोलासारखं ताठ.

मावशींनी ते वाजवून बघितलं. "मॅडम, हे तुमचं कोण म्हणायचं?"

मी आवळलेलाच पट्टा पुन्हा आवळला. गर्दी जरा पुढं सरकली.

सुजातानं चाकातलं वाढं हळूच काढलं. "पुढच्या बाजारी सांगते, मावशी."

मग आम्ही सायकलींवर गोदावरीच्या बाजूला निघालो. ऊस, कापसाची राहिलेली बोंडं, कालव्यातलं थांबल्यासारखं पाणी. ती पुढं, मी जरासा मागं.

"दोन कशाला आणल्या?" तिनं मागं न बघता विचारलं.

"असंच."

"असंच म्हणं," ती म्हणाली आणि वेग कमी केला. मग कुणीच पुढं राहिलं नाही.

परत निघताना मी माझी सायकल ट्रेवर चढवू लागलो.

"पट्टे कुठंयत?" सुजातानं विचारलं.

"मावशींच्या पालाला."

"मंग पडंल ना रस्त्यात. राहू दे इथंच, माझ्या सायकलजवळ."

तिची नजर गाडीच्या मागच्या सीटवर गेली, तिथून माझ्यावर आली. मी माझी सायकल तिच्या सायकलला टेकवून उभी केली. पुढचं चाक काढलं की सायकल आत बराबर बसते, हे मला तिनंच तर सांगितलं होतं.

येताना रिकामे दांडे जालन्यापर्यंत शीळ घालत राहिले. घरी आल्यावर ते काढून माळ्यावर टाकले. कुणाला हवे असतील तर खुशाल घेऊन जा, चांगले आहेत.

आज कुंभार पिंपळगावात पुन्हा बाजार आहे. मी पायात बूट घालतोय तर आई म्हणाली, "गाडीची चावी घे की. एवढ्या लांब एसटीनं कशाला?"

"न्यायला काहीच न्हाई आई," मी म्हणालो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.