सहावी जागा

मला कोणी उचललेलं आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणापासून मी चाकांच्या खुर्चीत आहे. खुर्ची माझी, चाकं माझी, ती फिरवणारे हातही माझेच. पण कुठे जिना दिसला की लोकांना एकदम चेव येतो. "थांबा, थांबा, चौघं मिळून धरतो!" अहो, मी काय कपाट आहे? आम्ही नाशकात गंगापूर रोडला राहतो. तिथले सगळे क्लास पहिल्या नाहीतर दुसऱ्या मजल्यावर. गाण्याचा वर, चित्रकलेचा त्याच्याही वर, आणि लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत पोचायला आधी पायऱ्या. एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मात्र शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींची रोबोटिक्सची टीम रोज संध्याकाळी ठोकाठोक करत बसायची. खोटं कशाला बोलू, मी काही विज्ञानाच्या ओढीनं तिथे गेले नाही. ते तळमजल्यावर होतं म्हणून गेले.

गेले आणि तिथलीच झाले. वर्षभरात रोबोट चालवण्यात माझा हात धरणारं कोणी उरलं नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, पण खरं आहे ते. त्याचं कारणही साधं होतं. आमच्या रोबोटचा रिमोट आधी एका स्टिकवर चालायचा: पुढे ढकलली की पुढे, बाजूला ढकलली की वळण. मला ते काही केल्या जमेना. मग मी भांडून भांडून दोन स्टिक करून घेतल्या. डावी स्टिक डाव्या चाकाची, उजवी उजव्या चाकाची. माझी खुर्ची अशीच तर चालते. उजवं चाक दाबलं की डावीकडे वळायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही, झोपेतसुद्धा येतं. दोन स्टिक झाल्या आणि मी सुसाट सुटले. मग टीममध्ये सगळेच तसे चालवायला शिकले आणि पुढे ते कोणी बदललं नाही.

टीमचे नियम थोडेच, पण कडक होते. सगळ्यात कडक नियम म्हणजे "हात मागे". बाहेरच्या शाळेत शिकवायला गेलो की शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. समोरच्या मुलानं चुकीचा स्क्रू लावला तरी आपण हिसकावून घ्यायचा नाही. त्यानं विचारलं तरच तोंडानं सांगायचं. कारण ज्याला येतं त्याचे हात फार वळवळतात, आणि मग समोरचा नुसता बघत बसतो. मला हात मागे नेऊन बसता यायचं नाही, म्हणून मी सरळ स्वतःच्या हातांवर बसायचे. माझ्यासारख्या आगाऊ मुलीला ही शिक्षाच होती.

मी अकरावीत असताना आम्ही नांदगावजवळच्या एका शाळेत गेलो. त्या शाळेतली सहा मुलं निवडायची होती. ती दर रविवारी आमच्या पार्किंगमध्ये येणार, आमच्याबरोबर रोबोट बनवणार आणि स्पर्धेत उतरणार, असं ठरलं होतं. येण्याजाण्याच्या गाडीची सोय शाळेनं केली होती आणि गाडीत जागा सहाच.

फाटकापाशी नववीतल्या मुली गुलाब घेऊन उभ्या होत्या. मला गुलाब दिला तो एका सावळ्या, काटक मुलीनं, डाव्या हातानं. तिचा उजवा हात जन्मापासून कोपरात वाकलेला होता, बोटं मिटलेली. गुलाब देऊन ती बाजूला झाली नाही. माझ्याकडे, माझ्या खुर्चीकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, मला त्या सहात यायचंय. बाकीच्यांसारखं खेळूनच. पण मला नुसतं फुलं द्यायला ठेवलंय."

"कोणी ठेवलंय?"

"मोठ्या सरांनी. ते म्हणतात, तुला नाय जमायचं, उगं पडशील-बिडशील."

रोबोट चालवताना कोण पडतं? मला हसूही आलं आणि रागही आला. "तू यायचंस," मी म्हटलं. "नंबर लागला की सरळ पुढे यायचं, कोणाला विचारत बसायचं नाही." मी शब्द देऊन बसले.

मुख्याध्यापक माणूस म्हणून वाईट नव्हते, उगाच कशाला नावं ठेवू. शाळेवर जीव होता त्यांचा. पण त्यांनी स्टेज सजवलं होतं आणि स्टेजला पायऱ्या होत्या. दहावीतली चार दांडगी मुलं बाह्या सरसावून माझ्याकडे येताना दिसली तशी मी चाकं घट्ट धरली. "सर, रोबोट खालीच चालणार आहे, मीही खालीच बसते. कार्यक्रमच खाली घ्या ना." ते जरा गडबडले, मग म्हणाले, "बरं बरं, तुमच्या सोयीनं." मोकळ्या स्टेजवर हारांचं ताट तसंच राहिलं. ते बिचारे हातात शाल घेऊन खाली उतरले आणि माझ्या जिद्दीवर लांबलचक बोलले. जिद्द कसली डोंबलाची! मला रोबोट चालवता येत होता, बाकी काही नाही. टीममधल्या बाकीच्यांना साधा नारळही मिळाला नाही आणि ते सगळे माझ्याकडे बघून खिदळत होते.

मग खरा खेळ सुरू झाला. सभागृहाच्या फरशीवर आम्ही रंगाचे रिकामे डबे मांडले होते. रोबोटनं डब्यांमधून वळणं घेत जायचं, फळीचा चढ चढायचा आणि वरून पलीकडच्या कांद्याच्या क्रेटमध्ये चेंडू टाकायचा. प्रत्येकाला दोन संधी. मुलं पुढे येत होती, डबे पाडत होती, सभागृह डोक्यावर घेत होती. आमची टीम हात मागे बांधून उभी. पाच जणांनी चेंडू क्रेटमध्ये टाकला. सहावा कोणाचाच जाईना. एका उंच मुलाचा क्रेटच्या काठावर आपटून बाहेर पडला. तो दहावीतला होता, शाळेचा कबड्डीचा कॅप्टन. मुख्याध्यापक म्हणाले, "सहावा हाच, सगळ्यात जवळ पोचला."

"अजून एक नंबर राहिलाय," मी म्हटलं आणि गुलाब देणाऱ्या त्या मुलीला हात केला.

ती आली. मुख्याध्यापक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तिला आपण शेवटी खास बक्षीस देऊ. गुणी पोरगी आहे. कशाला सगळ्यांसमोर फजिती?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खास बक्षीस मला चांगलं ठाऊक आहे. आयुष्यभर तेच घेत आलेय. मी म्हटलं, "सर, बाकीच्यांना जे दिलं तेच तिला द्यायचं. कमी नाही, जास्त नाही."

मोठ्या तोऱ्यात मी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं तो डाव्या हातात धरला आणि खाली बघितलं. दोन स्टिक. डावीवर तिचा अंगठा सहज पोचला. उजवी स्टिक पलीकडे, तिथे तिचं बोटही पोचेना. तिनं डावी ढकलली, तसा रोबोट जागच्या जागी गरगर फिरायला लागला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मी कपाळावर हात मारला. गावोगाव "सर्वांसाठी रोबोटिक्स" असं लिहिलेलं बॅनर लावत फिरत होतो आम्ही! खुर्चीतली मुलगी आमचा रोबोट चालवते याचा आम्हाला केवढा अभिमान. आणि त्या खुर्चीतल्या मुलीनंच भांडून असा रिमोट करून घेतला होता, की ज्याला एकच हात चालतो त्यानं बाहेरच थांबावं. लोकांच्या जिन्यांना शिव्या देता देता मी स्वतःच एक जिना बांधून ठेवला होता. मला भयंकर लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ कुठे होता? ती पोरगी रिमोट धरून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"थांब," मी तिला म्हटलं. "चूक तुझी नाही, रिमोटची आहे." आणि आमच्या टीममध्ये कोडिंग करणाऱ्या मुलाला हाक मारली. "आधीचं एका स्टिकचं आहे का रे अजून?"

"आहे की. तूच तर बदलायला लावलंस," तो म्हणाला. असल्या वेळीही टोमणा मारायचं त्यानं सोडलं नाही. लॅपटॉप उघडून तो खटाखट कामाला लागला. मुलं चुळबुळ करायला लागली, मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले. मी त्या सगळ्यांकडे पाठ करून बसले.

काम झालं. आता सगळा रोबोट डाव्या स्टिकवर चालत होता. तिनं जरा पुढे नेला, मागे घेतला, आणि मग निघाली. पहिल्या खेपेला चढावर पोचली आणि रोबोट फळीवरून घसरून आडवा पडला. आई गं! माझे हात खुर्चीत नुसते वळवळत होते. मी त्यांच्यावर आणखी दाबून बसले. मुख्याध्यापक म्हणाले, "छान, छान! टाळ्या वाजवा रे!" टाळ्या वाजल्या. ती जागची हलली नाही.

"सर, अजून एक राहिली," ती म्हणाली. "सगळ्यांना दोन मिळाल्या."

दुसऱ्या खेपेला तिनं घाई केली नाही. चढाच्या आधी रोबोट थांबवला, थोडा मागे घेतला, फळीसमोर सरळ केला आणि मग एका दमात वर नेला. चेंडू क्रेटमध्ये पडला तो अगदी मधोमध. मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले की माझ्या मांडीवरची शाल खाली पडली. मागे हसणारे आता बाकांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते.

तेवढ्यात तो कबड्डीचा कॅप्टन पुढे आला. चेहरा पडलेला, पण आवाज खणखणीत. "हे बरोबर नाय. तिच्यासाठी रिमोट बदलला. आम्हाला दोन काड्या, तिला एक. एकीवर लय सोपं जात असंल तर?"

मुख्याध्यापक त्याच्यावर खेकसले, "लाज नाही वाटत? बिचारीशी बरोबरी करतोस?" आता खरं सांगते, मला त्या मुलाचं बोलणं पटलं. तो तिच्याशी बरोबरी करत होता. तेवढा एकटाच करत होता. मी म्हटलं, "सर, त्याचं बरोबर आहे. त्यालाही एका स्टिकवर चालवू द्या." मी वेडी झाल्यासारखा आमचा कोडिंगवाला माझ्याकडे बघायला लागला. त्या मुलीनं मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं रिमोट त्या मुलाच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. आमची मुलं उभी होती तशीच, डावा हात पाठीमागे नेऊन. तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्यानं डबे झटक्यात पार केले. चढावर मात्र रोबोट घसरला, अगदी तिचा पहिल्यांदा घसरला होता तसाच. त्यानं उचलून पुन्हा मांडला. दुसरी संधी. तो चढापाशी आला आणि थांबला. आमच्याकडे बघितलं, मुख्याध्यापकांकडे बघितलं, मग मान वळवून तिला विचारलं, "तू हितं काय केलं होतं?"

आता ती "मला नाय माहीत" म्हणू शकली असती. तिच्या जागी मी असते तर काय म्हटलं असतं, मी छातीठोक सांगू शकत नाही. ती म्हणाली, "आधी मागं घे. फळीच्या मधी सरळ कर. मग दाब, आणि वर जाईपर्यंत सोडू नको."

त्यानं मागे घेतला, सरळ केला, दाबला. रोबोट वर गेला. चेंडू क्रेटमध्ये.

कोणी टाळी वाजवली नाही. काय करावं कोणालाच कळेना. दोघांचेही चेंडू आत, गाडीत जागा एकच. मुख्याध्यापकांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि त्या मुलीकडे वळून फार मायेनं म्हणाले, "बाळ, तू मोठ्या मनाची आहेस. यंदा त्याला जाऊ दे, त्याची दहावी आहे. तुला पुढच्या वर्षी नक्की. तुझी काही हरकत नाही ना?"

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात तीच बोलली.

"हरकत हाय," ती म्हणाली. "घ्यायचं तर मला घ्या, सर. मी त्याला शिकवलं. त्यानं मला नाय शिकवलं."

त्या मुलानं हातातला रिमोट एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला. मग तो तिच्या हातात ठेवून म्हणाला, "घ्या तिलाच. खरं हाय ते."