आत्याने दिलेलं वाण

माझ्या मित्राच्या आत्याच्या दुकानातून स्वतःला हवं तेच पुस्तक घेऊन बाहेर पडलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. बाजारपेठेतल्या एका बोळात, इस्त्रीवाला आणि पिठाची गिरणी यांच्या मधोमध तिचं दुकान आहे. तिथलं पुस्तक घरी नेलं की आधी झटकावं लागतं, पीठ उडतं. आता ती माझ्या मित्राचीच नव्हे, सगळ्या बाजारपेठेची आत्या झाली आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की तिचा पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" माणूस राजूरकडच्या आदिवासी डोंगरपट्ट्यातला निघाला तर त्याच्या हातात जंगलावरच्या हक्कांचं पुस्तक पडतं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातला निघाला तर ऊसतोडीच्या बायकांचं. एकदा एक तरुण झटपट श्रीमंत होण्याचं पुस्तक मागायला आला. आत्याने चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं आणि वीटभट्टीवरच्या मजुरांवरचं पुस्तक बांधून दिलं. "श्रीमंती कुठून येते, ते यात आहे," ती म्हणाली. तो बिचारा आभार मानून गेला.

पुस्तक विकून तिचं समाधान होत नाही, ती परीक्षाही घेते. एका लग्नात मी जेवायला बसलो होतो. समोरच्या पंगतीतून आत्याचा खणखणीत आवाज आला, "काय रे, जातपंचायतीचं वाचून झालं का?" दोन्ही पंगतींचे घास हातात राहिले. तिने दिलेलं ते पुस्तक मी निम्मंच वाचलं होतं. त्या दिवशी जिलेबी काही गोड लागली नाही.

पण आत्याचा खरा पराक्रम संक्रांतीचा. सोनईकडच्या एका गावचे सरपंच दुकानात आले. हळदीकुंकवाला वाण म्हणून मागच्या वर्षी स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या, पण त्या पातळ निघाल्या आणि गावात नाचक्की झाली. यंदा पुस्तकं वाटायची, असं त्यांनी ठरवलं होतं. "काय बी द्या आत्या, पर जाड द्या. बायांच्या हातात वजन लागलं पायजे." आत्याने शांतपणे एका पुस्तकाचे गठ्ठे काढले. एका गावातल्या बायकांनी राहत्या घराच्या उताऱ्यावर आपली नावं कशी लावून घेतली, त्याची सगळी हकिगत त्यात होती. सरपंचांनी एक प्रत तळहातावर तोलून पाहिली, खूश झाले आणि गठ्ठे टेम्पोत टाकून घेऊन गेले.

पुढे ऐन ग्रामसभेत बायका ती पुस्तकं घेऊनच आल्या. विषय रस्त्याच्या दिव्यांचा चालला होता. सरपंचांच्या सख्ख्या भावजयीने उभं राहून विचारलं, "दिवं लागतीलच, पर आमची नावं घरावर कवा लागायची?" विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या, दिरांच्या धाकात राहिलेल्या, एकेक बाई बोलायला उठली. घरांवर बायकांची नावं लावण्याचा ठराव मंजूर झाल्याशिवाय एकही जागची हलली नाही. पुरुषांनी हात वर केले, त्यातला पहिला हात सरपंचांचा. समोरच बायको बसली होती, दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो. "आत्या, काय दिलं हुतं वो तुमी?"

"तुम्ही म्हणालात, वजन लागलं पाहिजे. लागलं ना?"

सरपंच आधी गुरगुरले, मग पोट धरून हसायलाच लागले. "लई लागलं! आता माझ्या घरावर बी बायकोचं नाव लागनार. फुडल्या संक्रांतीला काय देनार ते आताच द्या, आधी मी वाचतो."

नंतर त्या गावाने आत्याला सत्काराला बोलावलं. मी तिच्यासोबत गेलो होतो. दारोदार नव्या पाट्या लागल्या होत्या, वर बाईचं नाव, खाली पुरुषाचं. सत्कार, हारतुरे, भाषणं सगळं राहिलं बाजूला. आत्या गल्लीतून हळूहळू चालत प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत निघाली आणि आपलं नाव आलं की घरातली बाई लाजून पदर सावरायची. गल्ली संपली तशी आत्या एका ओट्यावर टेकली. तिची आई आयुष्यभर दिराच्या घरात, "उद्या निघ म्हणाले तर" या धास्तीत जगली होती. हे आत्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग समोरच्या पाटीकडे बघत ती म्हणाली, "तिला वाचता येत नव्हतं रे. पण मी वाचून दाखवलं असतं."