खुर्चीवरची राख

परळीत थर्मल वीजकेंद्राची राख सगळीकडं बसते, तशी आमच्या चर्चमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरही. दर रविवारी एक काका दाराशी स्टूल टाकून बसायचे. माणूस आत आला की ओल्या फडक्यानं त्याची नेहमीची खुर्ची पुसून द्यायचे. आधीच सगळ्या पुसून ठेवल्या, असं कधी नाही. वर प्रत्येकाला बजावायचे, "नजर प्रभूवर ठिवा. इकडंतिकडं बगू नका."

स्वतः मात्र प्रार्थना चालू असताना टक्क उघड्या डोळ्यांनी खुर्च्या न्याहाळत. हे मला दिसलं, कारण डोळे माझेही उघडेच होते. एकदा बोललोच, "काका, तुमचं लक्ष असतं कुठं?"

"कामावर हाय की, सर."

कुठलं काम, ते मी विचारलं नाही.

मग मी तापानं पडलो. रविवारी दुपारी ते पेजेचा डबा घेऊन दारात हजर. "तुमच्या खुर्चीवर राख तशीच व्हती, सर."

पुढं पाळकांनी ध्येयावरून नजर ढळू न देण्यावर सलग तीन रविवार उपदेश केला. लई रंगला. कुणाचीच नजर ढळली नाही. खुर्च्या तेवढ्या पुसलेल्या नसायच्या, म्हणून आम्ही कुरकुरत आपापल्या रुमालानं पुसून घेतल्या. तिसऱ्या रविवारी मी फडकं शोधायला दाराशी गेलो. ते काकांच्या रिकाम्या स्टुलावरच होतं, वाळून कडक झालेलं, आणि त्यावर तीन आठवड्यांची राख.